सांगलीतील अडचणीत आलेल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत तीस लाख गुंतवावेत का?

विश्रामबागकर (धागाकर्ता)

नमस्कार. मी दोन वर्षांपूर्वी सरकारी नोकरीतून निवृत्त झालो असून सांगलीत विश्रामबागेत राहतो. माझ्या एका दिवंगत मित्राच्या मुलाची येथे छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. पतसंस्था, दूध संस्था आणि गावोगावच्या विकास सोसायट्या यांच्या सभासदांचा, ठेवींचा, कर्जांचा आणि पिग्मीचा हिशेब ठेवणारी प्रणाली ती विकते. याशिवाय एका साखर कारखान्याचे वजनकाट्यापासून तोडणी-वाहतुकीच्या बिलांपर्यंतचे कामही तिच्याकडे आहे. प्रायव्हेट लिमिटेड म्हणून तिची नोंदणी २०१४ साली झाली. २०१७ मध्ये जीएसटी आल्यानंतरची काही वर्षे तिला बरी गेली, पण अलीकडे उतरती कळा लागली आहे. २०२२-२३ मध्ये उलाढाल ९२ लाख होती, पुढच्या वर्षी ७८ लाख झाली आणि २०२४-२५ ची, अजून लेखापरीक्षण न झालेली, ६१ लाख आहे. बऱ्या काळात तेवीस माणसे कामाला होती, आज नऊ आहेत.

त्याने माझ्याकडे तीस लाख रुपये मागितले असून बदल्यात वीस टक्के शेअर आणि संचालकपद देऊ केले आहे. प्रणालीची मोबाईल आवृत्ती काढली की गाडी रुळावर येईल, असे तो म्हणतो. "काका, शेअरचे कागद सावकाश करू, तूर्त हातउसने म्हणून द्या," असेही त्याने परवा सुचवले. त्याने दाखवलेल्या एप्रिल-मेच्या बँक उताऱ्यावर शिल्लक समाधानकारक दिसली.

माझी सगळी पुंजी सत्तर लाखांच्या आसपास आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची कमाल मर्यादाही नेमकी तीस लाखच आहे आणि तेथे ८.२ टक्के दराने दर तिमाहीला ६१,५०० रुपये बिनघोर मिळतील. तरीही मित्राच्या मुलाला थेट नाही म्हणण्यापूर्वी हा व्यवहार नीट तपासावा, असे मनात आहे. काय काय पाहावे, याचे मार्गदर्शन करावे.

मिरजेचा लेखापाल

साहेब, सर्वांत आधी हातउसन्यांचा विषय निकालात काढतो. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला बाहेरच्या व्यक्तीकडून असे उसने पैसे घेता येत नाहीत, कारण कायद्याच्या दृष्टीने ती ठेव ठरते आणि तशी ठेव स्वीकारण्यास कंपनी कायदा २०१३ मनाई करतो. संचालकाने स्वतःच्या पैशातून, ते कोणाकडून कर्जाऊ घेतलेले नाहीत असे लिहून देऊन, कंपनीला कर्ज दिले तर चालते. संचालकपदाचा आग्रह कदाचित त्यासाठीच असेल. पण ते पद म्हणजे मानाचा नारळ नव्हे. आपण संचालक असताना कंपनीने जीएसटी थकवला आणि तो कंपनीकडून वसूल झाला नाही, तर आपला घोर निष्काळजीपणा नव्हता हे आपल्यालाच सिद्ध करावे लागते. सलग तीन वर्षे कंपनीने वार्षिक विवरणपत्रे भरली नाहीत तर पाच वर्षांची अपात्रता येते, ती वेगळीच.

दुसरे म्हणजे एप्रिल-मेचा बँक उतारा. या धंद्यातला कोणताही लेखापाल तो पाहून हसेल. पतसंस्थांचे वार्षिक देखभाल करार, म्हणजे ज्याला आपण सगळे एएमसी म्हणतो, ते एप्रिलपासून सुरू होतात आणि वर्षभराचे पैसे आगाऊ जमा होतात. ते दिसायला उत्पन्न दिसत असले तरी प्रत्यक्षात पुढच्या मार्चपर्यंत सेवा देण्याचे ते देणे असते. एप्रिलचा उतारा पाहायचाच असेल तर त्याच्या शेजारी जानेवारी आणि फेब्रुवारीचे उतारे ठेवून पाहावेत.

तिसरी गोष्ट आपण घरबसल्या करू शकता. भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर आस्थापनेचे नाव शोधले की कोणत्या महिन्याचा भरणा कधी झाला आणि तो किती कर्मचाऱ्यांचा होता, हे कोणालाही दिसते. एकदा वीस कर्मचारी भरून कंपनी त्या कायद्याखाली आली की नंतर माणसे कमी झाली तरी बाहेर पडता येत नाही, त्यामुळे तेथील नोंद सुरूच असेल. जीएसटीच्या संकेतस्थळावर विवरणपत्रे भरल्याच्या तारखा दिसतात. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मालमत्तेवरचे बोजे विनामूल्य पाहता येतात, आणि शंभर रुपये भरले की जुने ताळेबंदही उघडतात. कंपनी अडचणीत आली की मालक आधी कर थकवतो, मग पीएफ आणि शेवटी पगार, कारण सरकार लगेच दारात येत नाही आणि माणसे लगेच सोडून जातात. म्हणून या तारखा ताळेबंदाच्या आधी पाहाव्यात.

तासगावचा द्राक्षवाला

द्राक्षबागेत तीस लाख घातले तर गारपीट कधीतरी एकदा होते. येथे ती दरमहा होत नाही ना, एवढे तपासून घ्यावे. बाकी वाचत आहे.

कृष्णाकाठची

मी बावीस वर्षे याच प्रकारच्या प्रणाली लिहिल्या आहेत, त्यामुळे पैशांबद्दल न बोलता मालाबद्दल बोलते.

प्रणाली कोणत्या भाषेत लिहिली आहे, हे पहिल्यांदा विचारा. आपल्या भागातील पतसंस्थांच्या अनेक जुन्या प्रणाली व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये आहेत. त्या भाषेच्या विकास-साधनाला आधार देणे मायक्रोसॉफ्टने एप्रिल २००८ मध्येच थांबवले. तयार प्रोग्राम आजही चालतो, त्यामुळे ग्राहकाला काही जाणवत नाही, पण त्यात बदल करणारा तरुण प्रोग्रामर मिळत नाही. वालचंद महाविद्यालयातून बाहेर पडलेला मुलगा ती भाषा शिकण्यासाठी सांगलीत थांबणार नाही. मग मालक स्वतः किंवा एखादा जुना माणूस एवढेच आधार उरतात, आणि त्यांपैकी कोणी आजारी पडले की कंपनी आजारी पडते.

दुसरा प्रश्न फॉन्टचा विचारा. हा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण मोबाईल आवृत्तीचा सगळा खर्च येथे दडलेला असतो. त्या जुन्या प्रणालींच्या काळात सभासदांची नावे युनिकोडमध्ये न साठवता श्री-लिपी किंवा शिवाजीसारख्या फॉन्टमध्ये साठवत असत. प्रत्यक्षात फाइलमध्ये इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे असतात, आणि तो फॉन्ट लावला की ती मराठी दिसतात. मोबाईलवर तो फॉन्ट नसतो. रूपांतर करणारी साधने मिळतात, पण जोडाक्षरे आणि रफार येथे ती घसरतात. एका दूध संस्थेचे काम करताना आमच्याकडे 'ज्ञानेश्वर' आणि 'सर्जेराव' नावाचे सगळे सभासद बिघडले होते. चार हजार नावे दोन मुलींनी तीन आठवडे बसून मतदारयादीशी ताडून दुरुस्त केली. अशा शंभर संस्था असतील तर तो खर्च तुमच्या तीस लाखांतून जाणार आहे, आणि मालकाच्या अंदाजपत्रकात तो ओळीनेही नसेल.

तिसरे, माहितीच्या प्रतींची जबाबदारी कोणाची आहे, हे करारात पाहा. २०१९ च्या महापुरात कृष्णेवरील आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले, तेव्हा माझ्या ओळखीच्या एका पतसंस्थेचा तळमजल्यावरील संगणक बुडाला. रोजची प्रत पेन ड्राइव्हवर घेतलेली होती, पण तो त्याच टेबलाच्या खणात होता. संस्थेने दोष सॉफ्टवेअरवाल्याला दिला आणि करारात त्याबद्दल एक शब्दही नव्हता.

सोसायटीचा सचिव

आपल्या मित्राच्या मुलाचे ग्राहक विकास सोसायट्या आहेत असे आपण लिहिले आहे, म्हणून सांगतो. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे आपल्या विकास सोसायट्यांच्या, संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, आणि त्यासाठीची सामायिक प्रणाली नाबार्डच्या देखरेखीखाली देशभर दिली जात आहे. यंत्रसामग्रीही योजनेतूनच मिळते. अशा सोसायटीने खासगी कंपनीला दरवर्षी देखभालीचे पैसे कशासाठी द्यावेत? आम्ही काही दिवस दोन्ही प्रणाली समांतर चालवल्या, नंतर जुनीचे नूतनीकरण केले नाही. त्या कंपनीच्या माणसाने आम्हाला वर्षानुवर्षे रात्री-अपरात्री मदत केली होती, त्यामुळे त्याला फोन करून हे सांगणे जड गेले. पण सभेत खर्चाला मंजुरी घ्यायची तर कारण द्यावे लागते.

कुपवाडचा कारखानदार

वरील सर्व मंडळींनी भीतीच दाखवली आहे, म्हणून थोडी दुसरी बाजू मांडतो. मी कुपवाड एमआयडीसीत ओतकाम करतो. माझ्याकडे भट्टी आहे, जागा आहे, त्यामुळे वाईट काळातही बँकेने मला उभे केले. सॉफ्टवेअरवाल्याकडे तारण ठेवायला चार संगणक आणि खुर्च्या. ग्राहक दहा-दहा वर्षे टिकलेले असूनही ताळेबंदात त्यांची किंमत शून्य. अशा धंद्याला गावातल्याच माणसाने हात दिला नाही तर तो पुण्याला जाईल किंवा बंद पडेल. पतसंस्थेला प्रणाली बदलणे म्हणजे चालू संसारात घर बदलण्यासारखे असते, त्यामुळे ती सहजासहजी बदलत नाही. हा चिवटपणा विकत घेण्यासारखा आहे.

एक मात्र विचारावे. विनातारण कर्जाला हमी देणारी सीजीटीएमएसई ही योजना २००० सालापासून आहे आणि एप्रिल २०२५ पासून तिची मर्यादा दहा कोटींपर्यंत नेली आहे. हमी असूनही त्याच्या बँकेने वाढीव कर्ज नाकारले असेल, तर त्या नकाराचे कारण आपल्याला कळलेच पाहिजे. बँकेने त्याचे बारा महिन्यांचे व्यवहार पाहिलेले असतात, आपण दोन महिन्यांचे पाहिले आहेत.

विश्रामबागकर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. गेल्या दहा दिवसांत मी बरीच कागदपत्रे मागवली आणि त्याने, थोडे रागावून का होईना, ती दिली. आकडे असे आहेत.

६१ लाखांच्या विक्रीपैकी गेल्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष वसूल झाले ३९ लाख. हे आकडे जीएसटी वगळून आहेत. एकूण येणी ४१ लाख असून त्यांपैकी १९ लाख वर्षाहून जुनी आहेत. एकट्या साखर कारखान्याची यंदाची बिले १४ लाखांची होती आणि त्यातले ११ लाख अडकले आहेत. महिन्याचा खर्च ४ लाख २० हजार आहे, त्यात पगार २ लाख ९० हजार. देखभाल करार ११० आहेत. त्यांपैकी ७२ पतसंस्था व दूध संस्था सरासरी बावीस हजार देतात आणि ३८ विकास सोसायट्या साडेनऊ हजार.

देणी पुढीलप्रमाणे निघाली. दोन महिन्यांचे पगार ५ लाख ८० हजार, जीएसटी ४ लाख १० हजार, पीएफ व टीडीएस मिळून ३ लाख ४० हजार, आणि सर्व्हर व जागाभाडे १ लाख ९० हजार. बँकेचे कॅश क्रेडिट पंधरा लाखांचे असून ते जवळजवळ पूर्ण वापरलेले आहे. त्यापोटी त्याचे राहते घर गहाण आहे. पीएफच्या संकेतस्थळावर शेवटचा भरणा पाच महिन्यांपूर्वीचा दिसतो आणि तोही अकरा जणांचा.

नफा-तोटा पत्रकात मात्र नफा दिसतो, त्यामुळे मी गोंधळलो आहे.

मिरजेचा लेखापाल

गोंधळ होण्यासारखेच आहे, म्हणून सविस्तर लिहितो. महिना ४ लाख २० हजार म्हणजे वर्षाचा खर्च ५० लाख ४० हजार. ६१ लाखांची बिले फाडली म्हणून कागदावर १० लाख ६० हजार नफा. पण हातात आले ३९ लाख, म्हणजे रोखीत ११ लाख ४० हजारांची तूट. दोन्ही आकडे खरे आहेत, आणि त्यांच्यामधले २२ लाख ग्राहकांच्या दारात पडून आहेत. त्यात जीएसटीचा जाच असा, की सेवेचे बिल दिले की कर देय होतो, पैसे आले की नाहीत हे सरकार विचारत नाही. कारखान्याने बिल थकवले तरी त्यावरचे अठरा टक्के या पोराने खिशातून भरायचे असतात. ४ लाख १० हजारांची थकबाकी तेथून आली आहे, अशी माझी खात्री आहे.

आता आपल्या तीस लाखांचे काय होईल ते पाहू. मागची देणी बेरजेने १५ लाख २० हजार. ती भागवली की १४ लाख ८० हजार उरतात. दरमहा सुमारे ९५ हजारांची तूट धरली तर ते साधारण साडेपंधरा महिने पुरतील. पण त्यातूनच मोबाईल आवृत्ती करायची आहे. तिचा त्याचा अंदाज किती आहे?

विश्रामबागकर (धागाकर्ता)

बारा लाख. फॉन्ट बदलण्याचा खर्च त्यात धरलेला नाही, हे मी विचारून घेतले.

मिरजेचा लेखापाल

म्हणजे उरले २ लाख ८० हजार, तीन महिन्यांचे. नवीन आवृत्ती विकायला बाहेर पडण्याच्या आत तो पुन्हा आपल्याकडे येईल, आणि तेव्हा आधीचे तीस लाख वाचवण्यासाठी आपल्याला पुढचे दहा द्यावे लागतील. अशा गुंतवणुकीत पहिल्या रकमेपेक्षा दुसऱ्या रकमेनेच माणसे अधिक बुडालेली मी पाहिली आहेत.

सोसायटीच्या सचिवांचा मुद्दा खरा असला तरी त्याने घाबरून जाऊ नये. ३८ सोसायट्या गेल्या तर ३ लाख ६१ हजार जातील, उरलेल्या ७२ संस्थांचे १५ लाख ८४ हजार राहतील. खरा रोग वसुलीचा आहे. कंपनीची छोटा उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल तर एमएसएमई विकास कायदा २००६ प्रमाणे ग्राहकाने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. विलंबाला बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज आहे, आणि अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या परिषदेच्या निवाड्याविरुद्ध न्यायालयात जायचे तर ग्राहकाला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. शस्त्र धारदार आहे, पण ते उपसले की तो ग्राहक गेला, म्हणून छोटे लोक ते म्यानातच ठेवतात.

सातारकर

माझा अनुभव लिहितो, नाव कोणाचेच घेत नाही. सात-आठ वर्षांपूर्वी साताऱ्यातील एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी आठ लाख घातले. पैसे त्याच दिवशी गेले, शेअर प्रमाणपत्र चौदा महिन्यांनी आले. तिसऱ्या वर्षी मालकाने पत्नीच्या नावाने दुसरी संस्था काढली आणि देखभाल करारांचे नूतनीकरण हळूहळू तिच्या नावाने होऊ लागले. ग्राहकांना फरक पडला नाही, कारण फोन उचलणारा माणूस तोच होता. जुनी कंपनी कायदेशीरपणे जिवंत होती, आत फक्त काही उरले नव्हते. मी भांडलो नाही, कारण भांडून मिळवण्यासारखे त्या कंपनीत काय होते? कराच्या दृष्टीनेही फायदा झाला नाही. दीर्घकालीन भांडवली तोटा फक्त दीर्घकालीन भांडवली नफ्यातूनच वजा होतो, आणि शेअर कोणी विकत घेतल्याशिवाय तोटा दाखवणेही कठीण झाले.

राजवाड्याजवळचा वकील

वरील प्रतिसाद वाचून तीन गोष्टी नमूद कराव्याशा वाटतात.

प्रणालीची मालकी कोणाची, हे कोणी विचारलेले नाही. कंपनीची नोंदणी २०१४ ची आहे. प्रोग्राम त्याआधी लिहिला असेल तर कॉपीराइट कायदा १९५७ नुसार त्याचा मालक लिहिणारा माणूस असतो, कंपनी नव्हे. नोकरीत असताना कर्मचाऱ्याने लिहिलेले मालकाचे होते, पण बाहेरून पैसे देऊन लिहून घेतलेले आपोआप आपले होत नाही. हक्क लेखी आणि सही केलेल्या दस्तानेच हस्तांतरित होतात, आणि त्या दस्तात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. ज्या कंपनीचे शेअर आपण घेत आहात, तिच्याकडे तिचा एकमेव माल कायद्याने आहे का, हे आधी पाहावे.

वीस टक्क्यांनी आपल्याला काय मिळते? विशेष ठरावाला विरोधी मतांच्या तिप्पट मते पुरतात. ऐंशी विरुद्ध वीस म्हणजे चौपट. आर्टिकल्स, म्हणजे कंपनीची अंतर्गत नियमावली, बदलणे किंवा बाहेरच्या माणसाला नवीन शेअर देऊन आपला वाटा पातळ करणे, यांपैकी काहीही आपण अडवू शकत नाही. त्यासाठी पंचवीस टक्क्यांहून अधिक लागतात, किंवा ठराविक गोष्टींना आपली लेखी संमती लागेल अशी तरतूद लागते. ती वेगळ्या करारात न ठेवता आर्टिकल्समध्येच घालून घ्यावी. शेअर-हस्तांतरणावरील जे बंधन आर्टिकल्समध्ये नाही ते कंपनीला बांधत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन या १९९१ च्या निकालात सांगितले आहे.

सातारकरांच्या बाबतीत जे घडले, त्यावर संचालक असेपर्यंत स्पर्धक धंदा करणार नाही असे बंधन घालता येते. पण तो कंपनी सोडून गेला की धंदा करण्यास मनाई करणारे करार अमान्य ठरवणारे करार कायद्याचे कलम २७ आडवे येते. त्यामुळे ग्राहकांचे करार कंपनीच्या नावाने आणि लेखी आहेत का, हे पाहण्याला पर्याय नाही.

पैसे द्यायचे ठरलेच तर ते त्याचे जुने शेअर विकत घेण्यासाठी देऊ नयेत, कारण मग ते त्याच्या खिशात जातात. नवीन शेअर घ्यावेत, म्हणजे ते कंपनीत जातात. कंपनी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे ही रक्कम वेगळ्या बँक खात्यात धनादेशाने किंवा ऑनलाइन जमा व्हावी लागते, साठ दिवसांत वाटप व्हावे लागते, आणि वाटपाचे विवरणपत्र निबंधकांकडे दाखल होईपर्यंत कंपनीने ती रक्कम वापरायची नसते. 'कागद सावकाश करू' याला कायद्यात जागा नाही. आणि कंपनी बुडालीच, तर दिवाळखोरी संहितेच्या क्रमात बँक, कामगार, कर्मचारी, सरकार या सर्वांनंतर, सगळ्यात शेवटी साधे भागधारक उभे असतात.

विश्रामबागकर (धागाकर्ता)

वकील साहेबांच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, आणि ते चांगले नाही. मूळ प्रणाली २०११ ते २०१३ मध्ये त्याने आणि त्याच्या तेव्हाच्या जोडीदाराने मिळून लिहिली. कंपनी काढली तेव्हा कोणताही दस्त झाला नाही. जोडीदार २०१८ मध्ये पुण्याला नोकरीस गेला. संबंध चांगले आहेत, असे मला सांगण्यात आले.

गेल्या शनिवारी मी सकाळपासून दुपारपर्यंत त्याच्या कार्यालयात नुसता बसून होतो. स्टेशनरीच्या दुकानावर दोन खोल्या आहेत, आणि रिकाम्या टेबलांवर बंद मॉनिटर कापडाने झाकून ठेवलेले आहेत. साडेअकरापर्यंत मी सतरा फोन मोजले, त्यांतले चौदा त्याने स्वतः घेतले. एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकाची तेरीज, म्हणजे जमा-नावेची बेरीज, ४२० रुपयांनी जुळत नव्हती. एका पिग्मी एजंटाची दोन दिवसांची वसुली यंत्रातून दोनदा चढली होती, हे त्याने दूरचा संगणक हाताळू देणाऱ्या एनीडेस्कवरून दहा मिनिटांत शोधले, थेट तक्त्यात जाऊन एक ओळ पुसली आणि तेरीज जुळली. व्यवस्थापकाने आभार मानले. मला त्याच्या हुशारीचे कौतुक वाटले, आणि लगेच भीतीही वाटली. संस्थेच्या पैशांच्या नोंदीतली एक ओळ पुसली गेली आणि कोणी, केव्हा, का पुसली याची नोंद कोठेही राहिली नाही. उद्या त्या संस्थेत अपहार झाला तर चौकशी अधिकारी पहिला प्रश्न कोणाला विचारतील?

त्याला मी विचारले, की वसुलीला कोण जाते. तो म्हणाला, "काका, फोनवर ज्यांची किर्द जुळवून देतो, त्यांच्याकडेच पैसे मागायला जायला लाज वाटते."

कृष्णाकाठची

सर्व कंपन्यांना हिशेबाच्या प्रणालीत प्रत्येक बदलाची नोंद राखणे एप्रिल २०२३ पासून बंधनकारक झाले आहे. सहकारी संस्था कंपनी कायद्याखाली येत नाहीत म्हणून हे चालून जाते. पण तुम्ही वर्णन केलेली प्रणाली उद्या एखाद्या कंपनीला विकायची म्हटली तर विकता येणार नाही. ती नोंद-वही बसवणे हे मोबाईल आवृत्तीच्या आधीचे काम आहे, आणि ते एका माणसाचे तीन-चार महिन्यांचे असेल.

कुपवाडचा कारखानदार

चौदा फोन स्वतः घेणारा मालक मला आवडला. मात्र मूल्य दीड कोटी हे मला पटत नाही. तीस लाखांना वीस टक्के म्हणजे पैसे आल्यानंतरची किंमत दीड कोटी, आधीची एक कोटी वीस लाख. वर्षाला खात्रीचे सोळा लाख येणाऱ्या, घसरत्या आणि मालकी अर्धवट असलेल्या धंद्याला मी त्याच्या निम्मीही देणार नाही.

विश्रामबागकर (धागाकर्ता)

धागा बराच लांबला, म्हणून आजपर्यंत काय झाले ते कळवतो.

लेखापाल आणि वकील यांच्या सल्ल्याने मी त्याला लेखी कळवले आहे, की संचालकपद मला नको, उसने देणार नाही, आणि सध्या शेअरही घेणार नाही. पुण्याच्या जोडीदाराने कंपनीच्या नावे कायमचे हक्क लिहून दिले, तर नवीन शेअरच्या रूपाने जास्तीत जास्त दहा लाखांचा विचार करीन. ती रक्कम बुडाली तरी घर चालेल, हे पत्नीशी बोलून ठरवले आहे. उरलेल्या वीस लाखांची बचत योजना मंगळवारी टपाल कार्यालयात जाऊन उघडली. पत्र वाचून तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी घरी आला, आणि जोडीदाराशी बोलणे झाल्याचे त्याने सांगितले. सही करण्याच्या बदल्यात जोडीदाराने पंधरा टक्के शेअर मागितले आहेत. संबंध चांगले असल्याचे मला जे सांगितले होते, त्याचा अर्थ आता कळला.

दरम्यान मी त्याला एक गोष्ट सुचवली, आणि ती त्याने मान्य केली. दर सोमवारी आणि गुरुवारी मी त्याच्या दुचाकीवर मागे बसून त्याच्यासोबत वसुलीला जातो. नोकरीत आयुष्यभर फायलींचा पाठपुरावाच केला आहे, त्यामुळे मला लाज वाटत नाही. व्यवस्थापक चहा मागवतात, मी बिलांची यादी टेबलावर ठेवतो आणि चहा संपला तरी उठत नाही. पाच आठवड्यांत पलूस, तासगाव आणि वाळवा तालुक्यांतून ३ लाख ७० हजार रुपये आले. त्यातून पीएफ आणि टीडीएसची थकबाकी भरली गेली, आणि पीएफच्या संकेतस्थळावर आता नऊ नावांचा भरणा दिसतो. कारखान्याचे ११ लाख अजून तसेच आहेत. गळीत हंगाम सुरू झाल्यावर त्यांना वजनकाट्यासाठी त्याची गरज लागेल, तेव्हा मागील बिल मिळाल्याखेरीज नवीन हंगामाची मांडणी करायची नाही, असे त्याने माझ्यासमोर फोनवर सांगितले. सांगताना त्याचा आवाज थोडा कापत होता.

जोडीदाराला पंधरा टक्क्यांऐवजी तीन वर्षे देखभाल-उत्पन्नाचा ठराविक हिस्सा द्यावा, असा मसुदा वकिलांकडे आहे. पुण्याहून उत्तर आले की येथे लिहीन.